निळ्या क्षाराची नळी

उन्हाळा सरता सरता निशा नाकाडे मॅडमनी फळ्यावर लिहिणं सोडून दिलं. "ये बाबू, तू लिही, म्हणजे तुझं बी ध्यान राहीन," असं म्हणून पहिल्या बाकावरच्या कुणाच्या तरी हातात खडू द्यायच्या आणि स्वतः टेबलाला टेकून, उजवा हात डाव्या हातात धरून, समीकरण सांगायच्या. पोरांना वाटलं, मॅडमची ही नवी पद्धत असेल. ब्रह्मपुरीच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांचे केस पिकले होते. त्यांच्या पद्धतीवर शंका घेणार कोण?

खरी गोष्ट वेगळी होती. हात थरथरत होता. मांडीवर ठेवला तर शांत, गरीब गाईसारखा. पण खडू धरला, चमचा उचलला, कुलपात किल्ली घालायला गेलं की बोटं आपल्या मर्जीनं नाचू लागायची. निशाबाईंनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. त्यांच्या स्वतःच्या मामांचे हात असेच हलायचे, आणि शेवटच्या वर्षांत मामांना घास दुसऱ्यानं भरवावा लागायचा. लहानपणी कधी कधी तो घास निशाबाईंनीच भरवलेला. त्यामुळे आपल्याला काय झालंय हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, आणि ठरवलेल्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे कशाला जायचं, असं त्या स्वतःला सांगत.

अडचण अशी की त्याच पावसाळ्यात करिश्माचं काम येऊन ठेपलं.

करिश्मा पुंगाटी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. भामरागडच्याही पलीकडचं गाव, आश्रमशाळेत शिकलेली, इथं मुलींच्या होस्टेलवर राहायची. बोलायची कमी. पण तिनं धुतलेल्या काचा पुन्हा धुवायला लागत नसत, आणि निशाबाईंच्या लेखी हे फार मोठं प्रशस्तिपत्र होतं. मोठ्या सेंद्रिय धन आयनांचे क्षार हा तिच्या प्रकल्पाचा विषय. त्यातला मुख्य क्षार निकेलचा होता. कोरडा असेल तोवर गडद निळा, आणि हवेतली ओल लागली की फिका हिरवा पडून वाया जाणारा.

"सोडियम घेतलं तर नाई जमत काय जी?" करिश्मानं सुरुवातीलाच विचारलं होतं.

"नाई जमत," निशाबाई म्हणाल्या होत्या. "निकेलच्या चारी बाजूंनी क्लोरीन बसले की तो आयन मोठा होते. त्याच्यासोबत लहानसा सोडियम ठेवला तर दोघांचं बसत नाई, मग निकेल पाण्याले जवळ करते. टेट्राएथिल अमोनियम मोठा आहे, चार हात पसरून बसलेला. त्याच्यासोबत हा नीट राह्यते. पण तरी पाण्याचा मोह सुटत नाई त्याचा. म्हून आपल्याले जपा लागते."

जपणं म्हणजे नुसतं झाकण लावणं नव्हे. बाटलीतलं हिरवं निकेल क्लोराइड तापवून तापवून पिवळं करायचं, म्हणजे त्यातलं पाणी गेलं. अल्कोहोलसुद्धा कोरडं करून घ्यायचं. अमोनियमचा पांढरा क्षार तर असा लोभी की बशीत उघडा ठेवला तर पावसाळ्यातल्या गुळासारखा पाझरायला लागतो. गरम अल्कोहोलात दोन्ही एकत्र केले, थंड होऊ दिले, की तळाशी निळे खडे उतरत. मग ते गाळायचे, पंप लावून सुकवायचे, आणि तिथून पुढं एक श्वासभर हवाही लागू द्यायची नाही. मोठ्या विद्यापीठात यासाठी काचेची बंद पेटी असते. यांच्याकडे होती ती नायट्रोजन भरलेली जाड प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी. तिच्या आत दोन हातमोजे चिकटवलेले. बाहेरून हात घालायचे आणि आतलं काम आत करायचं.

बाहेर धानाचे रोवणे, म्हणजे भाताची लावणी, चालू होते. खिडकीच्या लाकडाला हात लावला तरी ओल लागत होती. पण नागपूरच्या यंत्रावर नमुना तपासायची तारीख मिळाली होती आणि ती पुढं ढकलता येणार नव्हती. निळे खडे एका बारीक काचनळीत भरून, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करून न्यायचे होते. हे काम विभागात आजवर निशा मॅडमच करत आल्या होत्या.

पहिल्या वेळेला त्यांनीच पिशवीत हात घातले. करिश्मा शेजारी उभी.

बाकी कुठंही हात लपवायला पदर होता, टेबलाची कड होती, डावा हात होता. पिशवीत मात्र दोन्ही हात दिव्याखाली ठेवल्यासारखे उघडे. निशाबाईंनी चपट्या चमच्यावर थोडे खडे घेतले. चमचा नळीच्या तोंडाशी नेला, आणि तो टकटक वाजायला लागला. निळी भुकटी नळीच्या बाहेर सांडली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तर मनगट लागून खड्यांची कुपी आडवी झाली. तिला सावरताना कोपर वर गेलं, पिशवीचं गुंडाळलेलं तोंड चिमट्यातून निसटलं, आणि फुस्स आवाज होऊन बाहेरची ओली हवा आत शिरली.

थोड्या वेळानं भुकटीच्या कडा फिक्या पडल्या. मग हिरवट. दोघी बघत होत्या.

"हे मोजे ढिले झाले," निशाबाई म्हणाल्या. "नवीन मागवा लागन."

"हाव जी," करिश्मा म्हणाली. आणि नवा घाणा घालायला तिनं निकेल क्लोराइडची बाटली खाली काढली.

त्यानंतरच्या दिवसांत प्रयोगशाळेत बारीकसारीक गोष्टी बदलू लागल्या. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला गेला; तो आता जाड झाला, मुठीत बसू लागला. नळीच्या तोंडावर इवलंसं नरसाळं बसवलेलं दिसलं, म्हणजे नेम चुकला तरी खडे आतच पडावेत. कुपी उभी करायला लाकडात खळगा कोरलेला ठोकळा आला. उंच स्टूल जाऊन बुटकी खुर्ची आली, जिच्यावर बसलं की कोपरं टेबलावर टेकत. निशाबाईंना वाटलं, पोरगी टापटिपीची आहे. एकदोनदा त्यांनी कौतुकही केलं.

मग एका दुपारी करिश्मानं चहा आणला. नेहमीचा काचेचा पेला नाही, स्टीलचा मोठा गिलास, आणि त्यात चहा अर्धाच.

निशाबाईंनी गिलासाकडे पाहिलं. मग चमच्याकडे, ठोकळ्याकडे, खुर्चीकडे.

"कोणी सांगतलं तुले?"

"काय जी?"

"माझ्या हाताचं. कोण बोलून राह्यलं?"

"कोणीच नाई जी."

"मंग हे सगळं काऊन करून राह्यली तू? मी काय म्हातारी झाली? लाचार झाली? दया आली का माझी तुले?"

आवाज जरा चढलाच. करिश्मा टेबलाशी उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. ती रडली नाही. मग जमिनीकडे बघतच म्हणाली,

"बाबाचे हात बी असेच हालतेत मॅडम. लय दिवसापासून. आमच्या घरी त्याचं कोणी काही बोलत नाई. आई त्याले पेज मोठ्या भांड्यात अर्धी देते. सांडली तर पुसते. बस." ती पुढं म्हणाली, "तो तर म्हणते, धान फोकाले असाच हात पायजे. बी आपोआप सारखं पसरते म्हणते. गावातले लोक हसतेत, तो बी हसते. मले वाटलं, इथी बी तसंच... मले दया नाई आली जी. मले कामच तसं मांडता येते."

"जा तू आता," एवढंच त्या म्हणाल्या. करिश्मा गेली. निशाबाई बुटक्या खुर्चीवर बसून राहिल्या. मामांच्या हातात त्यांच्या घरी कुणी कधी अर्धं भांडं दिलं नव्हतं. मामांच्या हातातून सांडलं की घरात सगळे एकदम गप्प होत, आणि मामा मान खाली घालत. ते हसलेले त्यांना आठवत नव्हते.

शेवटी त्यांनी गिलास उचलला, दोन्ही हातांनी. चहा निवला होता. सांडला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी धनराजभाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, धानाच्या बांधीतून आले. पाय धुऊन ओसरीवर बसले, तोच निशाबाई समोर जाऊन बसल्या आणि उजवा हात पुढं धरला.

"पाहा."

धनराजभाऊंना आधी वाटलं बांगडी दाखवते आहे. मग त्यांनी बोटं पाहिली. दिवसभर चिखलात राबलेल्या त्या गड्याचा चेहरा क्षणात उतरला.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आन तू आता सांगून राह्यली?" ते उठले, पुन्हा बसले. "मामासारखं? उद्याच नागपूरले जाऊ. रोवणा राह्यला तं राह्यला. बाया लावतीन." बोलता बोलता त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, जणू धरून ठेवला तर थांबेल. निशाबाईंना इतके दिवस भीती होती ती स्वतःची. आता या माणसाच्या डोळ्यांत ती दुसऱ्यांदा दिसली, आणि धीर देणं त्यांच्याकडे आलं.

"उद्या नाई," त्या म्हणाल्या. "त्या पोरीची नळी भरून होऊ द्या. तिची तारीख आहे ना नागपूरची. तिच्यासोबतच जाऊ. एका फेऱ्यात दोन कामं."

"नळी मोठी का तू मोठी?"

"दोघी बी," निशाबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाताच त्यांनी करिश्माला समोर बसवलं. काल रागावल्याबद्दल माफीबिफी मागायचा त्यांचा विचार होता, पण शब्द तोंडात आले ते वेगळेच. "पिशवीत हात तू घाल. अन् ज्योतीवर काच ओढून नळी बंद कराले बी शीक. आजपासून."

"मी?" करिश्मा घाबरलीच. "मले नाई येत जी. तुमी..."

"मले सांगता येते. तुझे हात, माझं तोंड. चाल."

रिकाम्या नळ्यांवर सराव सुरू झाला. ज्योतीमुळे पंखा बंद. दोघी घामानं निथळत. पहिल्या नळीला भोक पडलं. दुसरी वाकून तिची गाठ झाली. तिसरी तुटली. "घाई नको. फिरवत राह्य. काच आधी लाल होते, मग मऊ होते, मग ती तुले स्वतःच सांगते. हात खेचू नको, फक्त सोड." असं सांगताना निशाबाईंच्या ध्यानात आलं की हे सगळं आपण आजवर शब्दांत कधी मांडलंच नव्हतं. हात करत होता, म्हणून तोंडाला काम नव्हतं. आता एकेक गोष्ट हुडकून काढून सांगावी लागत होती, आणि त्यात त्यांना चक्क मजा वाटत होती. तिसऱ्या प्रहरी करिश्मानं एक नळी बंद केली ती अशी की टोकाला थेंबासारखी गोल काच, कुठं चीर नाही. निशाबाईंनी ती उजेडात धरली. हात थरथरला, नळीही थरथरली. करिश्मानं मान वळवली नाही आणि निशाबाईंनी हात लपवला नाही.

"झकास," त्या म्हणाल्या.

नवे खडे तयार होऊन सुकले. तारखेच्या आदल्या दिवशी पिशवीत नायट्रोजन भरून, सोडून, पुन्हा भरून घेतला. करिश्मानं हात घातले. जाड दांड्याचा चमचा, इवलं नरसाळं, लाकडी ठोकळा. मॅडमसाठी केलेलं सगळं आता तिच्याच कामी आलं. खडे नळीत उतरू लागले. तिच्या कपाळावरून घामाचा ओघळ भुवईकडे निघाला. हात पिशवीत अडकलेले, डोळे मिटायची सोय नाही.

"थांब," निशाबाई म्हणाल्या आणि पदरानं तिचं कपाळ टिपलं. थरथरता हात एकदा नाकाला लागला, एकदा कानाला. करिश्माला गुदगुल्या झाल्या, ती खुदकन हसली.

"हासू नको, सांडन!"

"तुमीच हासवून राह्यल्या जी!"

मग दोघी गप्प झाल्या, कारण खरंच सांडलं असतं.

नळी भरली. तोंडावर बसवलेल्या रबरी नळीला चिमटा लावून ती बाहेर आणली, पंपाला जोडली. आतला वायू ओढून घेतला की तापलेली काच आपोआप आत बसते आणि तोंड बंद होतं. करिश्मानं एका हातात नळी धरली, दुसऱ्या हातात ज्योत. काच लाल व्हायला लागली, आणि वीज गेली.

पंपाचा आवाज घरघरत थांबला. पंप थांबला की हवा मागं फिरते. नळीत शिरली तर सगळं हिरवं. पंप आणि नळीच्या मधली काचेची तोटी ताबडतोब बंद करायला हवी होती. करिश्माचे दोन्ही हात गुंतलेले. तिनं मान वर करून मॅडमकडे पाहिलं.

निशाबाई उठल्या. उजव्या हातानं तोटी धरायला गेल्या, बोटं घसरली. तेव्हा त्यांनी डावा हात उजव्यावर दाबून धरला, कोपरं पोटाशी घट्ट घेतली, आणि दोन्ही हातांनी मिळून तोटी फिरवली. हात हलतच होता, पण तोटी फिरली. करकरत बंद झाली.

"झाली. तू चालू ठेव. तुझ्या हातात आहे आता."

करिश्मानं नळी फिरवली. काच मऊ झाली, आत बसली. तिनं हात खेचला नाही, फक्त सोडला. नळी सुटून वेगळी झाली. आत निळे खडे, अंधारत्या खोलीतही निळेच दिसत होते. तिनं ती वाळूत टेकवून ठेवली आणि मग तिचेच हात असे कापायला लागले की ज्योत बंद करायला निशाबाईंना पुढं व्हावं लागलं.

"पाहा मॅडम, माझे बी," करिश्मा म्हणाली.

"तुझे थांबतीन," निशाबाई म्हणाल्या आणि तिला जवळ घेतलं.

नागपूरला तिघंही पहाटेच्या बसनं गेली. कापसात गुंडाळलेली नळी करिश्माच्या मांडीवर डब्यात होती, खड्डा आला की ती डबा उचलून धरायची, आणि धनराजभाऊ चालकाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "जरा हळू घ्या ना भाऊ, सामान नाजूक आहे." आधी यंत्राच्या ठिकाणी गेली. तिथल्या माणसानं नळी उजेडात फिरवून पाहिली, टोकाच्या काचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुणी बंद केली?" निशाबाईंनी करिश्माला पुढं ढकललं.

मग दवाखाना. डॉक्टरीण तरुण होती, पण घाईची नव्हती. तिनं निशाबाईंना कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावलं, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतायला लावलं, चालायला लावलं. मग हात मांडीवर ठेवायला सांगून बराच वेळ नुसती बघत बसली.

"तुमच्या मामांचा हात कधी हलायचा?" तिनं विचारलं. "काम करताना, की नुसते पडले असताना?"

निशाबाईंनी आठवून पाहिलं. खाटेच्या कडेला मामांचा हात, उगाच, काही न करता, बोटावर बोट घासल्यासारखा. "पडले असताना," त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांचा आवाज बदलला.

"तुमचं उलट आहे. स्वस्थ असताना शांत, काम करताना थरथर. हा तो आजार नाही, बाई. हा नुसता कंप आहे. गोळ्यांनी कमी होईल, पूर्ण जाईलच असं सांगत नाही. हळूहळू थोडा वाढेलही. पण मामांसारखं व्हायचं कारण मला दिसत नाही."

धनराजभाऊ बाहेर गेले आणि दुपट्ट्यात नाक शिंकरून परत आले. "म्हणजे स्वयंपाक करू शकन ना ही?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"तुम्हीही करू शकता," डॉक्टरीण म्हणाली.

बाहेरच्या बाकावर करिश्मा बसली होती. निशाबाईंनी तिला सगळं सांगितलं, एकदा नीट आणि एकदा रडत. ती ऐकत राहिली. मग पिशवीतून केळी काढली आणि सोलून दिली, कारण सकाळपासून कुणी काही खाल्लंच नव्हतं.

पावसाळा ओसरताना नागपूरहून निकाल आला. खडे शुद्ध होते, जसे हवे तसेच. भामरागडच्या वाटेवरचा, पुरात बुडालेला पर्लकोटा नदीचा पूल उघडा पडला तशी करिश्मा चार दिवस गावी गेली, आणि येताना निशाबाईंसाठी बांबूच्या वाळवलेल्या कोवळ्या कोंबांची, वास्त्याची, पुडी घेऊन आली.

तोवर गोळ्या लागू पडल्या होत्या. पूर्ण नाही, पण खडू धरता येत होता. त्या आठवड्यात निशाबाई वर्गात गेल्या आणि टेबलाला टेकल्या नाहीत. "ऐका," त्या म्हणाल्या, "माझा हात हालते. औषध चालू आहे. अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर लाजू नका, विचारा." त्यांनी खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात पूर्ण समीकरण लिहून काढलं.

मागच्या बाकावरून अतुल नावाच्या पोरानं जरा भीत भीत हात वर केला.

"मॅडम, तो तीन हाय का आठ?"

निशाबाईंनी फळ्याकडे वळून पाहिलं. खरंच सांगता येत नव्हतं.

"आठ," त्या म्हणाल्या, आणि सगळा वर्ग हसला तेव्हा त्याही हसल्या. मग तो आकडा पुसून त्यांनी पुन्हा काढला.